मुंगूसच्या जागी कोणी बसायचं नाही

९ मार्च, रविवार

धाकटे,

तू मुलाकडे सुखरूप पोचलीस, हे मला विमेवाल्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीला फोन करायचा तर तुझ्या बोटांना मुंग्या आल्या, पण विमेवाल्याला मात्र स्टेशनवरूनच फोन गेला. असू दे. "आठ दिवसांसाठी जाते," म्हणाली होतीस आणि जाताना लोकरीचा कोट नेलास. या उकाड्यात तुला कुठे थंडी भेटणार आहे, हे मी विचारणार नाही.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर दोन ओळींत आटपलं असतं.

काल जिन्यात शेजारीण भेटली. "धाकट्या बाई दिसत नाहीत. दातांचं काही वाढलं का?" दर शनिवारी दोन म्हाताऱ्या दाताच्या दवाखान्यात जातात आणि संध्याकाळी हसत परत येतात, याचा तिने इतके दिवस काय अर्थ लावला असेल, देव जाणे. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, दुपारी दवाखाना बंद झाला की डॉक्टर बाहेरच्या खोलीत टेबल मांडतात. ते एक गोष्ट सांगतात, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो, आणि अडचणीची जागा आली की काय होणार ते फासा ठरवतो. माझी बहीण त्यात मुंगूस नावाची चोर आहे, मी वैदू. गेल्या शनिवारी माझी बहीण विहिरीत पडून मेली, म्हणून रुसून मुलाकडे गेली आहे. शेजारीण दोन पायऱ्या खाली उतरली.

आता कालचं ऐक. तू नव्हतीस, तरी सगळं तुझंच चाललं होतं.

मी वेळेवर गेले, चष्मा पुसून बसले, तर डॉक्टर गोष्ट सुरूच करेनात. म्हणाले, "आज पुढे जायचं नाही. आज मुंगूसबद्दल बोलायचं. प्रत्येकाने तिची एक आठवण सांगा." विमेवाल्याने चष्मा काढला. त्याच्या पहिलवानाला तुझ्या मुंगूसने केसातल्या आकड्याने तुरुंगातून सोडवलं होतं, ते त्याने असं सांगितलं की जणू जामीन खरोखरच मिळाला होता. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "ती कुलपांशी बोलायची. मला वाटायचं, कुलपं तिच्यावर भाळूनच उघडतात." आणि रुमाल काढला. ही बाई पुस्तक उशिरा आणलं म्हणून शाळकरी पोरांना रडवते.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "ती दारं उघडायची आणि बंद करायला विसरायची. घरीही तेच." कोणी हसलं नाही.

तीन वर्षं मी या लोकांच्या तंगड्या जोडते आहे. पहिलवानाच्या पोटातून भाला मी काढला. ग्रंथपाल बाईंचा जादूगार विष प्यायला, तेव्हा उशाशी मी बसले. त्याबद्दल कोणी कधी डोळ्यांतून थेंब काढला नाही. काढतील कशाला, मी जिवंत आहे ना. मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

शेवटी फासा टाकायची वेळ आली. आपल्यातलं कोणी गेलं की त्याचा फासा डॉक्टरांच्या त्या माशांच्या टाकीत सोडायचा, ही तुझीच कल्पना. पण तुझा लाल फासा तू पर्समध्ये घालून नेला आहेस. डॉक्टर म्हणाले, "ज्याचा त्यानेच टाकायचा. तोवर खुर्ची रिकामी राहील." खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी ठेवून आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो. खुर्चीतही तू इतकी शोभली नव्हतीस.

तुझी,
थोरली


१६ मार्च, रविवार

धाकटे,

पत्र मिळालं असेल. उत्तराची मी वाट पाहत नाही. टपाल आलं का, हे शेजारणीला विचारलं, ते विजेच्या बिलासाठी.

तुला राग नेमका कशाचा आला, ते मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या वयात मला माझीच बहीण एका दाताच्या डॉक्टरने समजावून सांगावी, यातच सगळं आलं. त्यांचं म्हणणं, मुंगूस गेल्याचं दुःख तुला होतंच, पण खरं लागलं ते मी लगेच तुझ्यापुढे नव्या पात्रासाठी कोरा कागद ठेवला, ते.

हो, ठेवला. डॉक्टरांनी आधी त्यांचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता थोडं दुखेल," आणि फासा पडला, आणि मुंगूस गेली. तू कागदाकडे बघत बसलीस. तुझा तो कागद, खोडून खोडून मऊ झालेला, कोपऱ्यात तिचं चित्र, तिच्या खिशातल्या चीजवस्तू. मी तो तुझ्या हाताखालून काढला, नवा ठेवला, पेन्सिलीला टोक करून दिलं आणि म्हटलं, "कागदच ना. दुसरा घे."

मी वॉर्ड चालवला आहे, धाकटे. माणूस गेलं की मी चादर बदलायचे. पलीकडे व्हरांड्यात दुसरा स्ट्रेचरवर कण्हत असायचा. चादर बदलली, कोपरे ताठ केले की उरलेले पेशंटही शांत व्हायचे. बघत बसलं की बघणारे वाढतात. या चादरींमुळे मला कोणी दुष्ट म्हटलं नाही. मेट्रन केलं.

हे मी डॉक्टरांनाही ऐकवलं. ते हातमोजे काढत होते. म्हणाले, "मेट्रनबाई, दात काढल्यावर मी त्याच दिवशी कवळी बसवत नाही. हिरडी आधी भरून यावी लागते. तोवर माणसाने बोळकं घेऊनच हिंडायचं असतं, आणि आपण त्याला हसायचं नसतं." मी म्हटलं, "मी हसले नव्हते." ते म्हणाले, "नव्हतात. तुम्ही कवळी घेऊन उभ्या होतात."

याला उत्तर मला सुचलं ते घरी आल्यावर, आणि ऐकवायला घरी कोणी नव्हतं.

विमेवाल्याचं दुसरंच पालुपद. "बाई, औषधाची शेवटची मात्रा तुम्ही सकाळी आपल्या सामानाच्या खेचराला दिलीत. ती ठेवली असती तर मुंगूस वाचली असती." दर शनिवारी एकदा म्हणतो, हप्त्याची आठवण केल्यासारखं. मी गप्प बसते. का गप्प बसते, ते तुला ठाऊक आहे.

आणि एक. चोर मला व्हायचं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कोण काय होणार, आणि मी तोंड उघडायच्या आत तू "मी चोर" म्हणून मोकळी झालीस. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "मेट्रनबाई वैदू." कॉन्व्हेंट शाळेतही हेच. नाटकात तू परी आणि मी पडद्याची दोरी ओढणारी, कारण सिस्टरांच्या मते माझे दंड मजबूत होते. पेन्शन बसल्यावर तरी मला कोणाची मलमपट्टी करायची नव्हती. मला कोणाचा तरी खिसा कापायचा होता.

थोरली


२३ मार्च, रविवार

धाकटे,

आज पत्र छोटं असेल.

काल विमेवाला बोलता बोलता म्हणून गेला, "तिकडे त्यांचं छान जमलंय." मी विचारलं, काय जमलंय. त्याचा चेहरा हप्ता चुकल्यासारखा झाला. मग सगळं बाहेर आलं. तुझ्या मुलाच्या गल्लीतल्या वाचनालयात असाच एक खेळ चालतो, आणि तू त्यात जाऊन बसलीस. आणि तिथे तू वैदू आहेस.

वैदू. तीन वर्षं मला म्हणालीस, "ताई, तुझं आपलं बरं आहे, नुसतं मागे उभं राहून फुंकर घालायची." आता काय झालं? फुंकर कशी घालायची ते कोणाला विचारलंस?

आणि पुढचं ऐक, म्हणजे तुला ठाऊकच आहे, पण मला ठाऊक आहे हे तुला कळू दे. तुझ्या शेजारी कोणी निवृत्त मुख्याध्यापिका बसतात. त्यांचं म्हणे फार शांत असतं. तुझ्या चुकांना त्या हसतात. आणि तू त्यांना ताई म्हणतेस.

विमेवाला बिचारा म्हणाला, "अहो, वयाने मोठ्या म्हणून." मी त्याला सांगितलं, वयाने मोठी कोणीही होतं, त्यासाठी फक्त मरायचं टाळावं लागतं. तुला देवी आल्या होत्या तेव्हा तुझे हात धरून रात्र रात्र कोण बसलं? खाजवू देत नाही म्हणून चावलीस ते कोणाला? माझ्या मनगटावर खूण आहे. त्या बाईंच्या मनगटावर काय आहे, घड्याळ?

जळते आहे मी, असं म्हणशील. हो, जळते आहे. झाकून ठेवलं तर धूर जास्त होतो.

इकडची बातमी म्हणजे डॉक्टरांची मेहुणी. नवीनच या गावात राहायला आली आहे, तिला खेळायचं आहे. टेबलाला पाचच खुर्च्या बसतात, तेव्हा तिला तुझी हवी आहे. काल स्वतःची उशी घेऊन आली. ध्यानात ठेव, जो उशी घेऊन येतो तो उठायला येत नाही. डॉक्टर तिला म्हणाले, "अजून फासा टाकीत पडलेला नाही." ती म्हणाली, "मग मागवून घ्या ना, भावजी, टपालाने." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. तीसुद्धा निदान उशी आणत नसत.

थोरली


३० मार्च, रविवार

धाकटे,

मदर गेली.

आपली शाळेतली मदर सुपीरियर नव्हे. ती कधीच गेली, आणि तिकडेही कोणाचे तरी मोजे वर ओढायला लावत असेल. मी म्हणते ते खेचर. तूच ते बाजारात घासाघीस करून घेतलंस आणि खालचा ओठ बघून त्याला मदर म्हणालीस. मला तेव्हा राग आला होता, कारण ओठ खरोखर तसाच होता.

दोराचा पूल होता. मी मदरला घेऊन शेवटी निघाले. मुंगूस असती तर तिने आधी गाठी तपासल्या असत्या. आता गाठी कोण तपासणार? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मेट्रनबाई, आता थोडं दुखेल." मी म्हटलं, "टाका फासा, नाटकं नकोत."

फासा पडला. दोर तुटला. डॉक्टर म्हणाले, मदर ओरडली नाही, फक्त तुमच्याकडे पाहिलं.

मी उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बेसिनजवळ उभी राहिले, त्या दात तपासायच्या खुर्चीशेजारी. तोंड धुतलं. धुतलं तरी वाहतच होतं. मी खरी माणसं जाताना पाहिली आहेत, धाकटे. माझ्या हातात गेली आहेत, आणि मी कोपरे ताठ केले आहेत. आणि एका कागदावरच्या खेचरासाठी माझे खांदे हलत होते. खेचराला तर धड कागदही नव्हता. माझ्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्याचा ओठ तू काढून ठेवला होतास, तेवढाच.

परत येऊन बसले. मेहुणी अजून पाहुणी म्हणून बाजूला बसते. ती म्हणाली, "अहो, खेचरच ना? दुसरं घ्या."

विमेवाला माझ्याकडे बघत नव्हता. इतका ठरवून बघत नव्हता की मला कळलं, त्यालाही ते वाक्य आठवलं. तिने बिचारीने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या बाजूला बसून पाहिलं की ते कसं लागतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगू शकली असतीस. तू कोट घेऊन निघून गेलीस.

डॉक्टरांनी वही मिटली. "मदरचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा." मी म्हटलं, नदीकाठी, जिथे गवत उंच आहे तिथे. घंटा गळ्यात राहू दे. ग्रंथपाल बाईंनी रुमाल पुढे केला, इस्त्रीचा. पहिलवानातर्फे विमेवाला म्हणाला, "तिने माझ्या पायावर कधी पाय दिला नाही. दिला तेव्हा मुद्दाम दिला." मला हसू आलं. मग तो म्हणाला, "बाई, तुमची ती मात्रा फुकट गेली नाही. तिच्यावरच मदर इथपर्यंत चालली."

तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं. ती मात्रा मी का दिली, ते. गोष्टीतल्या त्या सकाळी तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "ताई, मदरला बघ ना गं, लंगडतेय." मी म्हटलं, शेवटची आहे, राहू दे. तू म्हणालीस, "माझ्यासाठी." आणि दुपारी विहीर आली, आणि सगळे माझ्यावर उलटले, आणि तू गप्प बसलीस. एका शब्दाने म्हणाली नाहीस, की मी सांगितलं होतं.

काल मी बोलले असते तर विमेवाल्याचं पालुपद कायमचं बंद झालं असतं. बोलले नाही. तुझ्या पाठीमागे तुझं कोणी काही म्हणावं, हे मला चालत नाही. तो हक्क माझा आहे.

टाकीत टाकायला मदरचा फासा नव्हता. मी स्वेटरचं एक बटण तोडून टाकलं. त्या नारिंगी माशाने ते तोंडात घेतलं आणि थुंकलं. मदर असती तर तिनेही तेच केलं असतं.

मुंगूसला सगळा शनिवार मिळाला होता. मदरला चहा येईपर्यंतचा वेळ. तक्रार नाही, नुसतं सांगते.

थोरली


६ एप्रिल, रविवार

धाकटे,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. कापसात गुंडाळलेला लाल फासा आणि एक ओळ. "ताई, तूच टाक, आणि खुर्ची त्यांना देऊन टाक, माझं इथे बरं चाललं आहे." महिनाभराने एक ओळ. शाळेत निबंधही असाच लिहायचीस आणि तरी सिस्टर तुला चांगलं म्हणायच्या.

त्यातला एक शब्द मी परत परत वाचला. "ताई." तुला दोन ताया झाल्यावरसुद्धा चुकून माझ्यासाठी लिहिलास की सवयीने, ते कळायला मार्ग नाही.

काल फासा घेऊन गेले. सगळे टाकीपाशी उभे राहिले. विमेवाल्याने चष्मा आधीच काढून ठेवला होता. मेहुणी उशी काखेत घेऊन तुझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी. डॉक्टर म्हणाले, "त्यांनी सांगितलं असेल तर चालेल. टाका, मेट्रनबाई."

मी हात पाण्यावर धरला. खाली माझं बटण दिसत होतं.

वॉर्डातली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. चादर बदलायचं काम माझं होतं. पण घरचं माणूस वाटेत असेल, तर गेलेल्याचे डोळे मी मिटत नसे. हाताखालच्या पोरी म्हणायच्या, "मेट्रन, उशीर होतोय." मी म्हणायचे, होऊ दे. बाकी सगळं मी करीन, हे घरच्यांनी करायचं.

मी हात मागे घेतला. मूठ मिटली आणि सरळ जाऊन तुझ्या खुर्चीत बसले. मेहुणीला हात काढावा लागला.

"अहो, मी इथे बसणार होते," ती म्हणाली.

"इथे मी बसले आहे."

"मग तुमची खुर्ची रिकामी झाली. मी तिथे बसते."

"तिथे बसता येणार नाही," मी म्हटलं. "नियम डॉक्टरांचा आहे. ज्या खुर्चीचं माणूस गेलं, तीच खुर्ची दुसऱ्याला मिळते. माझी वैदू ठणठणीत आहे. गेल्या शनिवारी तिने शिंकसुद्धा दिली नाही."

"पण तिथे कोणी बसलेलं नाही."

"म्हणूनच तर रिकामी आहे."

मेहुणीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर माशांकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. विमेवाला म्हणाला, "पॉलिसीत बसतंय हे." शेवटी आतलं ते चाकांचं स्टूल बाहेर आलं आणि मेहुणी त्यावर उशी ठेवून बसली. प्रत्येक फाशाला ती थोडी थोडी मागे जाते. खेळते मात्र बरी. ती चोर झाली आहे. मी काहीही म्हटलं नाही. नीट वाच, काहीही म्हटलं नाही.

तुझ्या खुर्चीतून खिडकीबाहेरचा रस्ता दिसतो, हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं तू रस्ता बघत होतीस आणि मी भिंतीवरची दात घासण्याची पद्धत. कोण येतंय, कोण जातंय, सगळं दिसतं. काल मी दोनदा उगाच मान वर केली.

तर आता असं आहे. लाल फासा माझ्या पर्समध्ये आहे. तो मी टाकणार नाही. तुझ्यासमोर कोराही कागद कोणी ठेवणार नाही, तू मागेपर्यंत. हवे तितके शनिवार बोळकं घेऊन बस. हसलं कोणी, तर मी आहे. तू स्वतः फासा टाकीत सोडलास की मग तुला वैदूच व्हायचं असेल तर हो. आमच्याकडे दोन वैदू चालतील, एक मागे फुंकर घालेल, दुसरीला जरा पुढे होऊन कोणाचा तरी खिसा कापता येईल.

त्या मुख्याध्यापिका बाईंना काकू म्हणत जा. शांत माणसांना चालतं.

शनिवारी तीन वाजता. माझी खुर्ची रिकामी आहे. तिची पाठ ताठ आहे, तुला बसवणार नाही. येताना उशी घेऊन ये.

तुझी,
ताई